काकूंचा हात

लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. ते चालू असलेल्या अनेकांचा हात थोडा थरथरतो. बोटं ताठ पुढे करायला सांगून त्यांवर कोरा कागद ठेवला की कागदाची कड बारीक कापताना दिसते. याला आम्ही घाबरत नाही. कप ओठांपर्यंत नेताना चहा सांडायला लागला, ब्लाउजचा हूक लागेनासा झाला, अक्षर वहीची ओळ सोडून भरकटायला लागलं, तर मात्र घाबरायचं. रक्तातलं लिथियम वाढलंय असं धरूनच पुढचं करायचं आणि ते लगेच करायचं.

मी विदर्भातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात स्त्री कक्षात काम करते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना वॉर्डात सगळ्या काकू म्हणायच्या. वय अठ्ठावन्न. बायपोलरचा आजार जुना, पण लिथियमवर कित्येक वर्षं संसार नीट चालवलेला. घरातल्या एका लग्नाच्या गडबडीत गोळ्या सुटल्या, मेनियाचा, म्हणजे उन्मादाचा, झटका आला आणि त्या आमच्याकडे दाखल झाल्या. गोळी पुन्हा सुरू झाली तशा सावरल्या. मे महिन्यातल्या त्या आठवड्यात त्यांना सुट्टी मिळायची होती. व्यवसायोपचार विभागात त्या फुलवाती वळायच्या. इतक्या एकसारख्या, की त्यांच्या वातींची पाकिटं वेगळी ठेवली जायची.

आमचं काम म्हणजे दिवसभर मारामाऱ्या सोडवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर दिवसाचा मोठा भाग शरीराचा असतो. उवा, नखं, आंघोळ, पाळी. गोळी गिळली की गालात दडवली हे जीभ उचलायला लावून बघणं. शिवणकाम संपलं की सुया मोजून घेणं. क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधावर असलेल्या प्रत्येकीला शौचाला झाली का हे रोज विचारणं, कारण त्या औषधाने आतडी इतकी मंदावतात की बद्धकोष्ठाने माणूस दगावू शकतो. हे सगळं नोंदवहीत एका ओळीत संपतं आणि त्याचं कौतुक कुणाला नसतं. पण मनोरुग्णाचं शरीर रोज बघणारं आमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

त्या सकाळी ड्यूटी हातात घेताना रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “काकू रात्रभर संडासात. सुट्टीचं कळल्यापासून सुरू झालंय हे. सकाळी बोलतायत तेही तोंडातल्या तोंडात, मुद्दाम.”

या सिस्टरना मी दोष देत नाही. सुट्टी जवळ आली की पोटात दुखणारे, उलट्या काढणारे, रडणारे पेशंट आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. घरी काय वाढून ठेवलंय याची भीती खरीच असते. पण काकूंना घरी जायचं होतं. मुलीला त्या रोज एक पत्र लिहायच्या, पोस्टात टाकायचं नसायचं तरी. मी त्यांच्या उशाखालची वही काढली. पाच दिवसांपूर्वीचं अक्षर शाळामास्तरणीसारखं गोल. काल संध्याकाळचं पान बघून माझ्या पोटात गोळा आला. ‘चि.’ एवढाच शब्द तीन ओळींवर पसरला होता.

कागद ठेवायची गरजच पडली नाही. त्यांनी हात पुढे केला तो मनगटापासून हलत होता. बोट नाकाला लावा म्हटलं तर गालावर गेलं. चालताना पाय फाकून टाकत होत्या. जीभ कोरडी. “पाणी किती प्यायलात?” तर म्हणाल्या, “पाणी कुठं येतंय?” वॉर्डातल्या एका बाजूचा कूलर बंद होता, बाहेर ४५ अंश. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, कालपासून त्यांना वातच जमत नाही. कापूस हातातून गळून पडते.” ही गोष्ट कुठल्याच नोंदीत नव्हती. मावशींना नोंद करायला कुणी सांगत नाही आणि त्यांनी सांगितलेलं फारसं कुणी लिहून घेत नाही. आमच्या व्यवस्थेतली ही सगळ्यात महागडी बचत आहे.

मग मी औषधांचा तक्ता मागे उलटत गेले. लिथियम ९०० मिलिग्रॅम, पूर्वीचंच. आणि पाच दिवसांपासून डायक्लोफिनॅक, दिवसातून दोनदा, गुडघेदुखीसाठी. शारीरिक तक्रारी बघायला जे डॉक्टर बाहेरून येतात त्यांनी लिहिलेलं. एका फेरीत त्यांना अनेक वॉर्ड उरकायचे असतात, आणि गुडघ्यावर डायक्लोफिनॅक हे त्यांच्या हाताला बसलेलं औषध. पण लिथियम शरीराबाहेर जातं ते जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी ते बाहेर जाणं मंदावतं. त्यात घाम आणि जुलाब. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं आणि मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. जुलाब हे वाढलेल्या लिथियमचं लक्षणही असतं आणि लिथियम वाढण्याचं कारणही. काकू या चक्रात अडकल्या होत्या आणि आम्ही त्याला सुट्टीची भीती म्हणत होतो.

सकाळचा डोस मी थांबवला. फाइलीत रात्रीच लिहून ठेवलेलं होतं की बेचैनी वाढल्यास हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे शांत करणारं, इंजेक्शन द्यावं. तेही दिलं नाही. ते दिलं असतं तर काकू निजल्या असत्या, सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि बोलणं अडखळतंय ते आजाराने, लिथियमने की इंजेक्शनने हे संध्याकाळपर्यंत कुणालाच कळलं नसतं.

मनोविकारतज्ज्ञ ओपीडीत होते. फोनवर काय सांगायचं ते मी आधी कागदावर लिहून घेतलं. नवीन मुलींनाही मी हेच शिकवते. “काकू बऱ्या वाटत नाहीत” असं सांगितलं तर उत्तर येतं, “बघतो.” मी सांगितलं: नाडी ११०, रक्तदाब ९० वर ६०, रात्रीपासून आठ जुलाब, लघवी पहाटेपासून नाही, हाताला मोठा कंप, चाल बिघडलेली, उच्चार अस्पष्ट, तारीख विचारली तर सांगता येत नाही, मागची लिथियम पातळी ०.८, पाच दिवस डायक्लोफिनॅक. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “रक्त पाठवा, सलाइन लावा, गाडी मागवा. मी चिठ्ठी लिहितो.”

रक्त काढतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. ट्रेमध्ये हिरव्या झाकणाच्या नळ्या वर होत्या आणि नवीन सिस्टरने सवयीने तीच उचलली. त्या नळ्यांमध्ये बहुतेक वेळा लिथियम हेपॅरिन असतं, रक्त गोठू नये म्हणून. त्यात लिथियमची तपासणी केली तर पातळी खोटी वाढलेली येते. मी लाल झाकणाची साधी नळी घेतली. पुढे जे घडलं त्यात कुणी ‘नळी कुठली होती?’ विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं, याचा मला आजही अभिमान आहे. आमच्याकडे ही तपासणी होत नाही. नमुना बाहेर जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो.

निघण्याआधी मी आणखी एक गोष्ट केली. काकूंच्या अंगावर रुग्णालयाचा गाऊन होता. तो उतरवून आम्ही त्यांना त्यांची स्वतःची साडी गुंडाळली, केस विंचरले, कुंकू लावलं. गाडी दारात उभी असताना यात वेळ गेला. मी तो मुद्दाम घालवला.

मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आधी सगळं ठीक होतं. स्ट्रेचर ओढणारा माणूस “काय होतंय माय?” असं आपुलकीने विचारत होता. तिथल्या तरुण डॉक्टरने नाडी धरली. मग त्याने चिठ्ठी उघडली, वर आमच्या रुग्णालयाचा शिक्का होता. त्याने हात काढून घेतला आणि माझ्याशी बोलायला लागला. “सायकियाट्रीचा पेशंट आहे ना? लूज मोशन आहेत तर ओआरएस द्या. असं बोलणं तर यांचं नेहमीचंच असणार. इथं बेड अडवून कसं चालेल?” शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी आपलं मूल जवळ ओढून घेतलं.

“नेहमीचं नाही,” मी म्हटलं आणि वही त्याच्यापुढे धरली. हे पाच दिवसांपूर्वीचं अक्षर, हे कालचं. त्याने पाहिलं नाही. मी हलले नाही. किडनीची तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय नेणार नाही, आणि न्याच म्हणत असाल तर तसं कागदावर लिहून सही करून द्या, असं सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळाले पाहिजेत असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते मला पाठ आहे. पण त्या गर्दीत कायद्यापेक्षा ‘सही करून द्या’ हेच चाललं.

मेडिसिनच्या मॅडम आल्या. त्यांनी चिठ्ठीच्या आधी काकूंचा हात हातात घेतला, कोपरातून हलवून पाहिला आणि विचारलं, “लिथियमवर आहेत का?” तिथून पुढे सगळं भराभर झालं. क्रिएटिनिन १.९, म्हणजे मूत्रपिंड थकलेलं. दुपारी प्रयोगशाळेचा फोन आला, लिथियम २.८, मागच्या पातळीच्या साडेतीन पट. तोवर काकूंना मुलीचं नाव आठवेना. संध्याकाळी डायलिसिस.

लिथियम हट्टी असतं. डायलिसिसने रक्तातलं उतरतं, मग पेशींमधलं बाहेर येतं आणि पातळी पुन्हा चढते, म्हणून काही तासांनी परत रक्त तपासतात. आकडा खाली आला तरी मेंदू लगेच मोकळा होत नाही. रिपोर्ट चांगले आल्यानंतरही काही दिवस काकू भिंतीशी बोलत होत्या, आणि ‘बघा, मूळचा आजारच आहे’ असं म्हणणारे तिथे पुन्हा होतेच. मॅडमनी थांबा म्हटलं. थांबले म्हणून कळलं. हळूहळू त्या नीट बोलायला लागल्या. चाल सुधारली, पण वळताना अजून भिंतीचा आधार घेतात. लिथियमच्या विषबाधेने लहान मेंदूला झालेली इजा काही जणांत कायमची राहते. काकूंची किती राहील ते पुढे दिसेल.

मी हे लिहितेय ते ‘पुढे दिसेल’ या दोन शब्दांमुळे. आदल्या दिवशी, जेव्हा कापूस गळून पडत होता, तेव्हाच कुणी मावशींना विचारलं असतं तर? आणि काकू नीटनेटक्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, वही ठेवणाऱ्या होत्या. वॉर्डात अशा किती जणी आहेत ज्यांचं पूर्वीचं अक्षर आमच्याकडे नाही, ज्यांचं बोलणं आधीपासूनच अस्पष्ट आहे. त्यांचा हात हलायला लागला तर मी कशाशी ताडून बघणार? आता आमच्या वॉर्डात लिथियमवरच्या प्रत्येकीकडून आठवड्यातून एकदा वहीत सही किंवा नुसती एक फुली घेतो आणि मावशींचं म्हणणं नोंदवहीत वेगळ्या रकान्यात लिहितो. रकाना रात्रपाळीच्या सिस्टरनीच आखला.

लिथियम पुन्हा द्यायचं का यावर बराच खल झाला. नवरा नको म्हणत होता, ते मी समजू शकते. काकूंनीच सांगितलं, “या गोळीनं मला पोरं वाढवू दिली. कमी द्या, पण द्या.” मूत्रपिंड सावरल्यावर कमी मात्रेत सुरू झालं.

घरी जाताना मी काकांना सगळं समजावलं. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून थेट दवाखाना. मीठ अचानक कमी करायचं नाही. कडक उपास नाहीत. मेडिकलमधून दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “सिस्टर, ती जास्त हसली तर फोन करू का?” काकू शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, “हसू द्या. दोन-तीन रात्री झोपल्या नाहीत तर करा.”

दर महिन्याला त्या तपासणीसाठी रक्त द्यायला येतात. गुडघा दुखतोच, पॅरासिटामॉलने भागत नाही. “ती दुसरी गोळी नाहीच का?” असं दर वेळी विचारतात आणि मी नाहीच म्हणते. आता हाडांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली आहे. चिठ्ठीवर लाल पेनाने ‘लिथियम चालू’ असं ठळक लिहून दिलंय, आणि तिथे त्यांच्यासोबत मीच जाणार आहे.