तीन पाण्यांची वाट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हरिश्चंद्रगडाच्या वाटेबद्दलचा हा प्रश्न मला शेजारच्या काकूंपासून भाच्याच्या कॉलेजमधल्या मुलांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. "कोकणकडाच बघायचा ना? मग पाचनईहून दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो. तुम्ही दर वेळी खिरेश्वरहून सहा-सहा तास का चालता?"

आतापर्यंत मी "तिकडची सवय आहे" म्हणून वेळ मारून नेत असे. पण ते खरं उत्तर नाही, आणि या वाटेबद्दल अर्धवट बोलणं मला बरं वाटत नाही.

हरिश्चंद्रगड पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर आहे. पाचनई अकोले तालुक्यात, गडाच्या उत्तर अंगाला. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, दक्षिणेला. आणि बेलपाडा मुरबाड तालुक्यात, गडाच्या पश्चिमेला तुटलेल्या कोकणकड्याच्या पार तळाशी, कोकणात. तिथून नळीच्या वाटेने चढणारेही आहेत, पण ती दोर आणि अनुभव असणाऱ्यांची वाट. सीमा माणसांनी कागदावर आखल्या हे खरं, पण इथे त्या बऱ्याचशा पाण्यानेच आखून दिल्या आहेत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आळेफाट्याहून कल्याणकडे जाणारी एसटी खुबी फाट्याला थांबते, तिथे पहाटे उतरून पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला चालत आले. आजही शक्यतो तसंच करते. गाडी थेट गावात जाते, पण भिंतीवरून चालताना एका हाताला धरणाचं पाणी असतं आणि समोर उजाडत जाणारा गड. आधी नुसती काळी आकृती, मग तिच्यात आडव्या रेघा दिसू लागतात. कडा, मग गवताची पट्टी, परत कडा, परत पट्टी. धरणाचं हे पाणी कुकडीच्या खोऱ्यातलं. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे पाठीवर पिशवी चढवून आपण निघतो ते कृष्णेच्या अंगणातून.

त्या आडव्या रेघांबद्दल थोडं बोलायलाच हवं. सोबतची मुलं नेहमी विचारतात, "ज्वालामुखीचा दगड म्हणता, मग ज्वालामुखी कुठाय?" शंकूसारखा डोंगर आणि वर खड्डा हे चित्र त्यांच्या डोक्यात असतं. आपल्याकडे तसं झालं नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलेलं हे पठार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचं आहे. भूगर्भवाले त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांसाठीच्या शब्दावरून आला.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, तो कडा होऊन उभा राहतो. थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, तो लवकर झिजतो आणि तिथे उतार किंवा पदर तयार होतो. पदरावर माती धरते, झाडी धरते, झरे फुटतात, आणि म्हणून गावंही बसतात. सह्याद्रीत चालणाऱ्या कुणालाही हे पायांनी कळलेलं असतं. दम काढणारी चढण, मग जरा सपाटी, मग पुन्हा छातीवरची चढण. आपण एकेका लाव्ह्याच्या अंगावरून चढत असतो.

तोलार खिंडीच्या अलीकडे वाटेत बसायला एक मोठा धोंडा आहे. माझी पाण्याची पहिली बाटली तिथेच उघडते. त्याच्या एका अंगाला हात लावून बघा. आंबोळीला वरून जशी जाळी पडते तशी भोकं आहेत, करंगळीचं टोक जाईल एवढी. काही रिकामी, काहींत पांढरे स्फटिक दाटलेले. उन्हाचा कवडसा आला की चमकतात. ही भोकं म्हणजे त्या लाव्ह्यातून निसटू पाहणारा वायू, निघता निघता अडकलेला. पुढे लाखो वर्षं त्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली खनिजं साचत गेली. तिथे बसल्यावर मी दर वेळी एकदा बोट घालून बघते. दगड सकाळी गार असतो, आणि हा एके काळी पातळ होऊन वाहत होता हे त्या गारव्यात खरं वाटत नाही.

आता मुद्द्यावर येते. तोलार खिंड. खिरेश्वरहून रमतगमत दीड तास. खिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे, झिजलेलं, शेंदूर माखलेलं. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात आणि डावीकडे कातळाला लागतात. मी मात्र बरोबरच्यांना दोन पावलं पलीकडे नेते. पलीकडची वाट कोथळ्याकडे उतरते, आणि त्या उतारावरचं पाणी मुळा नदीला जातं. ही मुठेबरोबरची पुण्याची मुळा नव्हे, ही अकोले तालुक्यातली. ती नेवाशाला प्रवरेला भेटते, प्रवरा गोदावरीला. म्हणजे खिंडीत पाऊस पडला तर वाघाच्या एका अंगाचा थेंब कृष्णेला आणि दुसऱ्या अंगाचा गोदावरीला. दोन्ही जातात बंगालच्या उपसागराला, पण हजार किलोमीटरहून लांबच्या दोन वेगळ्या वाटांनी. खिंड कशाला म्हणतात हे मला त्या जागी पहिल्यांदा नीट कळलं.

पाचनईहून चढणाऱ्याला हे ओलांडणं मिळत नाही. तो आधीपासूनच गोदावरीच्या घरात असतो.

खिंडीवरचा कातळटप्पा आता रेलिंगमुळे सोपा झालाय, पण पावसात शेवाळ असतं, तिथे घाई नको. त्याच्यावर लागतात त्या टेकड्या. लोक सात म्हणतात. मी मोजल्या तेव्हा कधी सहा भरल्या, कधी आठ. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. सगळ्या सारख्या दिसतात, कारवीचं रानही सारखंच. इथेच एका जुलैत मी वाट चुकले होते. बरोबर दोन मैत्रिणी. धुकं असं उतरलं की पुढचीची पिशवी दिसेना. दगडांवरचे बाण हरवले आणि तासाभराने आम्ही आमच्याच चिखलातल्या ठशांवर परत आलो. तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. नशिबाने गुरं वळायला आलेले एक मामा घोंगडी पांघरून समोर उभे राहिले. त्यांनी हातातल्या काठीने पायाखालचा ओहळ दाखवला. "ह्यो देवळाकडंच जातो. ह्येची संगत सोडू नका."

आम्ही सोडली नाही. पाऊण तासात देवळाचा कळस दिसला.

हे वाचून कुणी सह्याद्रीत सरसकट ओढ्याच्या मागे उतरू नका, हात जोडून सांगते. बहुतेक ओढे कड्यावरून उडी घेतात आणि मागून जाणारा माणूस अडकतो. मामांनी सांगितलं ते त्या एका ओहळाबद्दल, आणि तो त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. वाट चुकली तर शेवटची ओळखीची खूण सापडेपर्यंत मागे यावं, आणि पावसाळ्यात गावातला माणूस सोबत घ्यावा. त्याचे पैसे देताना घासाघीस करू नये.

त्या दिवसापासून मी गडावर पाणी बघत चालते. माथ्यावरचे हे ओहळ मंगळगंगेला मिळतात, तीच हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळून वाहत पाचनईकडे उतरते. देवळाच्या आवारात चांगदेवाचं नाव असलेले शिलालेख आहेत. जवळच केदारेश्वराची गुहा. मोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि भोवती कमरेइतकं पाणी. एप्रिलच्या उन्हात त्यात उतरले तरी दुसऱ्या मिनिटाला पायांतली संवेदना जाते. कातळ कोरणाऱ्यांना पाणी कुठल्या थरातून पाझरतं हे चांगलंच ठाऊक होतं, नाहीतर एवढ्या उंचीवर पुष्करणी आणि टाकी बारमाही राहिली नसती.

देवळापासून कोकणकडा अर्धा-पाऊण तास. जमीन हळूहळू कलत जाते, गवत, थोडी झुडपं, आणि मग एकदम संपते. सुरुवातीला उभं राहून बघू नये. मी पिशवी मागे ठेवते, पालथी पडते आणि कोपरांवर सरपटत कडेला जाते. हनुवटी दगडावर टेकवली की खालून येणारा वारा थेट डोळ्यांत घुसतो. कडा सरळ खाली गेलेला नाही, आत वळलेला आहे, नालेसारखा अर्धगोल. त्यामुळे आपण ज्याच्यावर पडलोय त्याचा पाया आपल्याला दिसत नाही, दिसते ती शेजारची वळलेली भिंत. हजार फुटांहून जास्त उंचीची, आणि तिच्यात थरांवर थर, घडी घालून ठेवलेल्या गोधडीच्या कडेसारखे. सकाळपासून ज्या पायऱ्यांनी दमवलं त्याच इथे एकावर एक उघड्या पडलेल्या असतात.

आणि खाली तिसरं पाणी. इथून पडलेला थेंब काळू नदीला जातो, काळू उल्हासला, उल्हास वसईच्या खाडीला. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात पाण्याला एवढी उंची उतरायची असते, म्हणून ते धावतं आणि डोंगर कापतं. पूर्वेकडचं पाणी सावकाश जातं, म्हणून तिकडे देश सपाट आणि इकडे कडा. एकाच सकाळी कृष्णेतून निघून, गोदावरी ओलांडून, अरबी समुद्राच्या पाण्यावर वाकून बघायचं, एवढ्यासाठी मी खिरेश्वरहून चढते.

इंद्रवज्र, म्हणजे ढगावरच्या आपल्याच सावलीभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, दिसतं का, हा दुसरा प्रश्न ठरलेला. मला ते एकदाच दिसलं, सप्टेंबरातल्या एका सकाळी. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी हवा आणि दरीत ढग भरलेला हवा. म्हणजे सकाळच. समोरच्या ढगावर माझी सावली पडली आणि तिच्या डोक्याभोवती पूर्ण गोल रंगीत कडी. शेजारी मैत्रीण उभी होती, तिला तिच्याच डोक्याभोवती दिसत होती, माझ्या नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 साली छापलेल्या नोंदींत इथल्या अशाच गोल इंद्रधनुष्याबद्दल लिहिलं आहे. आमचं जेमतेम दोन मिनिटं टिकलं. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

एक विनंती. कड्यावरून बाटल्या, वेष्टनं खाली टाकू नका. 1986 पासून हे अभयारण्य आहे, पण त्याआधीपासून खाली बेलपाड्यात लोक राहतात. आणि हलक्या वस्तू वारा वर उडवून परत आणतो. मी एकदा मूठभर सुकं गवत सोडून पाहिलं, ते माझ्याच केसांत येऊन बसलं.

पाचनईवर माझा राग नाही. उतरते मी तिकडूनच. देवळाजवळच्या झापात मावशींकडे पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचा, ताक प्यायचं आणि दुपारी निघायचं. वाट काही अंतर पुढे झुकलेल्या कातळाच्या खालून जाते, पावसाळ्यात वरून पाण्याचा पडदा आणि आपण आतून कोरडे. एका बाजूला मंगळगंगा सोबत असते, कधी दिसते, कधी नुसती ऐकू येते. तळाला आलं की पाचनईची भातखाचरं लागतात. सप्टेंबरात लोंब्या भरायला लागलेल्या असतात, आणि बांधाला पाडलेल्या फटीतून तेच पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत असतं. मी तिथे बूट काढते, पाय धुते आणि राजूरची गाडी येईपर्यंत बांधावर बसते.