डायरीचं पहिलं पान

शुभ शुक्रवार, 18 एप्रिल 2025, जालना

बारा ते तीन उपासना. बाहेर ऊन मी म्हणत होतं, देवळातले पंखे नुसतेच कुरकुरत होते. वधस्तंभावरचे सात उद्गार आणि त्यावर सात जणांचे संदेश. तिसऱ्या संदेशापर्यंत माझं ध्यान होतं, पुढं डुलकी लागली. इथं लिहायला काय हरकत आहे! जाग आली ती सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला उभे राहिले तेव्हा. बोलता यायला लागल्यापासूनची पाठ प्रार्थना, तोंड आपोआप चालतं. आज एका ओळीवर अडखळलो. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.'

सोडतो असं नाही, सोडू असंही नाही. सोडले आहे. म्हणजे आधी ते काम उरकून यायचं आणि मग देवाकडं मागायचं. शेजारचे लोक 'आमेन' म्हणून खाली बसले तरी मी उभाच. बायकोनं शर्ट ओढला.

घरी आल्यावर डायरी काढली. पहिल्या पानावर गॅसचा नंबर, विम्याची तारीख आणि त्याखाली 'धाकटा – 40,000 (टँकर, मे 2013)'. दर 1 जानेवारीला जुन्या डायरीतून नव्या डायरीत मी ही ओळ उतरवतो. डब्यातल्या जुन्या डायऱ्या काढून मोजलं. यंदाची धरून बारा वेळा. शाई बदलत गेली, आकडा तोच.

2012 चा पाऊस दगा देऊन गेला. गावाकडं धाकट्या भावाची मोसंबी होती, ऐन फळावर आलेली दोनशे झाडं. विहिरीला तळ लागला तसे त्यानं टँकर विकत घ्यायला सुरुवात केली. झाडाला एक बादली. मी एकदा गेलो होतो तेव्हा पाहिलं, आळ्यात पाणी पडल्यावर चर्र आवाज यायचा आणि तो पुढच्या झाडाशी पोचेपर्यंत मागचं आळं कोरडं. पैसे संपले तेव्हा जालन्याला आला, ओट्यावर बसला, चहा घेतला नाही. मी पतसंस्थेतून कर्ज काढून दिलं. जूनमध्ये झाडांनी पानं टाकली. त्यानं स्वतःच कुऱ्हाड लावली, सरपणाच्या भावात बाग गेली.

त्याच उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश केला होता. अंजिराला फुलं नाहीत, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. आमची गुरं तेव्हा छावणीत होती. धाकटा मागच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून रडत होता. आणि मी? माझ्या मनात आलं होतं, आता आपले पैसे बुडाले. बारा वर्षांत हे कुणाला बोललो नाही.

पुढच्याच पेरणीला त्यानं ट्रॅक्टरनं बांध कोरला. दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, माझ्या बाजूनं. मग बोलणं बंद. लग्नात, मयतीला समोरासमोर यायचो, 'आलास का', 'आलो', एवढंच. त्याच्या पोराच्या पायात नवे बूट दिसले की मी मनात किंमत लावायचो.

शनिवार, 19 एप्रिल

झोप लागली नाही. पहाटे मत्तयाचा अठरावा अध्याय काढला, निर्दय चाकराचा दाखला. राजाचे दहा हजार तालंत देणं असलेला चाकर. राजा सगळं सोडतो, आणि हा बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आयुष्य अकौंट सेक्शनमध्ये गेलं, त्यामुळं हात आपोआप कॅल्क्युलेटरकडं गेला. दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराचा एक रोज. एका तालंताचे सहा हजार दिनार. म्हणजे त्याला जे सुटलं ते सहा कोटी दिवसांचं काम. आणि तो ज्यासाठी भांडला ते शंभर रोज. आमच्या गावी गड्याचा रोज 400. शंभर गुणिले चारशे.

कॅल्क्युलेटरवर 40,000 बघून अंगावर काटा आला. उद्या रोज पाचशे झाला तर हिशेब जुळणार नाही, हेही कळतं. तरी आला.

कुणाला चमत्कार वाटेल. मला त्या साक्षी आवडत नाहीत, प्रार्थना केली आणि कर्ज फिटलं, प्रार्थना केली आणि नोकरी लागली. देवाला काय बँकेचा साहेब समजतात? मराठवाड्यात प्रार्थना करणाऱ्यांच्या बागाही वाळल्या. माझ्या भावाचीच वाळली.

दादा, म्हणजे आमचे वडील, रेव्हरंड नारायण शेषाद्रींची गोष्ट सांगायचे. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, पण दादा सांगायचे ते त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतीचं. 1843 मध्ये मुंबईत नारायणचा बाप्तिस्मा झाला. श्रीपतीही मिशनऱ्यांकडं गेला होता, पण कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. दादा एवढं सांगून थांबायचे आणि आम्हा दोघांकडं बघायचे. त्या भावांमध्ये निदान धर्म आला होता. आमच्यामध्ये दोन तासं जमीन.

योहानाच्या आठव्या अध्यायात शब्द आहे, बंधमुक्त. लहानपणी मी तो 'बांधमुक्त' वाचायचो आणि दादा हसायचे.

रात्री त्या ओळीवर रेघ मारली. पट्टी लावून, निळ्या शाईनं. रेघ मारली की छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. नुसतं रिकामं वाटलं, दात काढल्यावर जीभ तिथंच जाते तसं. बायको म्हणाली, "अहो, लाईट बंद करा. आणि बांधाचं?"

"बांधाचं बघू," म्हणालो. बांधाचं सुटलेलं नाही, खोटं कशाला लिहू?

रविवार, 20 एप्रिल, पुनरुत्थानाचा सण

पहाटे पाचला कबरस्तानात उपासना. मेणबत्त्या, अंधारात गाणी, आणि 'तो उठला आहे' म्हणताना म्हाताऱ्यांचेही आवाज मोठे झाले. उजाडल्यावर दादांच्या कबरीकडं गेलो तर धाकटा आधीच उकिडवा बसलेला. बादलीत चुना कालवलेला, कबरीची एक बाजू रंगवून झालेली. केस केवढे पिकलेत त्याचे!

"कव्हा आलास?" मी विचारलं.

"राती. यष्टीनं." मग बराच वेळ काही नाही. ब्रश चालूच. "नाना, ते टँकरचं... सोयाबीन गेलं औंदा बी, मी काय—"

"ते मिटलं," मी म्हणालो. "वहीतनं काढलं मी."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला पटलं नाही हे दिसत होतं. मलाही पटायला दोन दिवस लागले होते. मग त्यानं बादली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "त्या अंगाला तू मार. माझा गुडघा वळंना."

ब्रश एकच होता. त्याचं होईस्तोवर मी थांबलो.