दिवे बंद, हुड काढलेला

श्रीनगरचे दिवस छान गेले. शिकारा झाला, कहवा झाला, बायकांची शालींची खरेदी झाली. त्यावर मी काही लिहिणार नाही. मला लिहायचंय ते झोजिला खिंड उतरल्यावर द्रासपर्यंत जो रस्ता लागतो त्याबद्दल, कारण त्या रस्त्यावर माझे मामा पंचवीसेक वर्षांनी पहिल्यांदा बोलले.

मामा आर्मी सर्व्हिस कोअरमधून, म्हणजे लष्कराच्या रसद आणि वाहतुकीच्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी स्टिअरिंगवर. आधी शक्तिमान ट्रक, मग निस्सान वन टन ट्रक, मग जोंगा जीप आणि शेवटी मारुतीची जिप्सी. आमच्या सातारा तालुक्यात घरात फौजी असणं नवलाचं नाही. अपशिंगे मिलिटरी गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्तंभ आजही गावात आहे. पण लग्नकार्यात पंगत उठल्यावर लोक गोष्टी ऐकायला बसतात ते पलटणीतल्या माणसाभोवती. मामांना मात्र विचारतात, "तुम्ही गाडीवर होता न्हवं?" आणि विषय संपतो. हे मला लहानपणापासून खुपत आलंय.

सोनमर्गच्या अलीकडे आता साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, 2025च्या जानेवारीत सुरू झालेला. गाडी दहा मिनिटांत पलीकडे निघाली, तेव्हा मामा नुसतं "बरं झालं" म्हणाले. पुढे घाट सुरू झाला तसे ते सीटच्या कडेला सरकून बसले आणि डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलू लागला. वर झीरो पॉइंटला तर जत्राच होती. भाड्याचे बूट, भाड्याचे कोट, बर्फावरच्या स्कूटर, मॅगीच्या टपऱ्या आणि रस्त्यावर कशाही लावलेल्या गाड्या. मागे लष्कराच्या गाड्यांचा ताफा, कॉन्व्हॉय, तुंबला होता आणि त्याच्याच पुढ्यात एक कुटुंब रस्त्यात उभं राहून फोटो काढत होतं. मला संताप आला. 1948 साली याच खिंडीत जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले. पायथ्याच्या बालतालपासूनची पायवाट मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीने, गाडीजोगी केली, तेव्हा 1 नोव्हेंबरला झोजिला सुटला आणि लेहची वाट मोकळी झाली. आधी रस्ता, मग विजय, असा तो इतिहास आहे. तिथे निदान कॉन्व्हॉयला वाट तरी द्यावी.

खिंड साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. मामांनी सांगितलं की त्यांच्या वेळच्या जिप्सीला कार्बोरेटर होता. वर हवा विरळ, पण पेट्रोल तेवढंच येत राहतं, मग इंजिन गुदमरतं, काळा धूर टाकतं आणि चढावर दम सोडतं. "इंजिन कण्हाय लागलं की गिअर आधी टाकायचा, बंद पडूस्तवर थांबायचं न्हाई." डिझेलच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. थंडीत डिझेल घट्ट व्हायचं आणि पहाटे इंजिनाखाली स्टोव्ह ठेवून ऑइल गरम करावं लागायचं. हे सांगताना त्यांचा आवाज मोकळा होता. मटायन गाव मागे पडलं आणि ते एकदम म्हणाले, "हितं थांबव."

डाव्या हाताला उघडा डोंगर, उजवीकडे नदी, मध्ये रस्ता. पाहण्यासारखं काही नाही म्हणून पर्यटक इथे थांबत नाहीत. मामा रस्त्याच्या कडेने चालत एका वळणापर्यंत गेले आणि तिथे उभं राहून सांगायला लागले.

1999चा जून, कारगिलचं युद्ध. द्रासवरचं तोलोलिंग शिखर अजून शत्रूच्या हातात होतं. 13 जूनला ते आपण घेतलं, तोपर्यंत वर बसलेला माणूस खालचा हायवे बघत होता आणि तोफांना निशाणा सांगत होता. त्यामुळे गाड्या रात्री निघायच्या, दिवे बंद करून. आरशांना आणि काचेला चिखल फासलेला, चकाकी नको म्हणून. जिप्सीचा हुड, म्हणजे वरचं कापडी छत, काढून टाकलेला. मी विचारलं, एवढ्या थंडीत हुड का काढायचा? मामा म्हणाले, "गोळा येताना शिट्टी वाजती. हुडाखाली ती ऐकू येत न्हाई." चांदणं असलं की वरचा बघतो, चांदणं नसलं की आपल्याला दिसत नाही. अंधाऱ्या रात्री को-ड्रायव्हर पुढे चालायचा, पाठीला पांढरा रुमाल बांधून, आणि मामा त्या रुमालामागे गाडी न्यायचे.

जाताना दारूगोळ्याच्या पेट्या, जेरीकॅन, कधी डाकेची पिशवी. येताना जखमी. जिप्सीच्या मागे स्ट्रेचर नीट बसायचं नाही, फळी उघडी ठेवून बांधावं लागायचं. एका रात्री मागे एक पोरगा होता, पायाला लागलेलं. सोबतीला नर्सिंगचा जवान. शत्रूला वरून दिसणाऱ्या उघड्या पट्ट्यात वेग कमी करता येत नव्हता आणि रस्त्यात गोळ्यांनी खड्डे पडलेले. प्रत्येक खड्ड्याला पोरगा ओरडायचा. मामा मान न वळवता मोठ्यानं म्हणायचे, "माफ कर भाई, माफ कर." असं या वळणापर्यंत. इथून पुढे डोंगर आड येतो, म्हणून इथे त्यांनी गाडी हळू केली. "हळू केली तवा तो गप झाला हुता. मला कळंना, बरं वाटतंय म्हणून गप हाय का..." पुढे ते बोलले नाहीत. पोरगा एमआय रूमपर्यंत, म्हणजे लष्कराच्या दवाखान्यापर्यंत, जिवंत पोचला होता, एवढं त्यांना ठाऊक आहे. नंतरचं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण पहाटेच्या आत दुसरी फेरी होती.

मला तिथे फार अस्वस्थ झालं. त्या रात्रीची कुठे नोंद असेल का, असं मी विचारलं. "कार डायरीत हाय की. निघाल्याची येळ, पोचल्याची येळ, किलोमीटर, सही." एक ओळ. माझ्या मते त्या एका ओळीला एखाद्या चढाईइतकाच मान हवा, आणि हे मी आता आमच्या प्रत्येक लग्नकार्यात सांगणार आहे.

द्रासचं स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशीच आहे. नावांच्या भिंतीसमोर मामा बराच वेळ होते. मी दूर थांबलो. बाहेर एक जिप्सी उभी होती आणि तिचा पंचविशीतला ड्रायव्हर चाकांपाशी वाकून बघत होता. मामा जवळ गेले. "हॉल्ट परेड?" म्हणजे गाडी थांबल्यावर ड्रायव्हरने करायची तपासणी. पोरगा ताठ झाला. "जी उस्ताद." ओळख ना पाळख, पण दोन शब्दांत तो उस्ताद म्हणाला. मग बॉनेट उघडलं गेलं, डिपस्टिक निघाली, फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून झाला. आता इंजेक्शनचं इंजिन आहे, उंचीवर धूर टाकत नाही, असं पोरगा अभिमानानं सांगत होता. फोटो मी काढला नाही, त्याला अडचण झाली असती. नंबरपाटीवरच्या बाणापुढचे दोन आकडे गाडीच्या भरतीचं साल सांगतात, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या जिप्सीचा पुरा नंबर मामांनी त्याला न अडखळता म्हणून दाखवला.

कारगिलला मुक्कामाच्या घराचे मालक लडाख स्काउट्समधून निवृत्त झालेले, तेही ड्रायव्हर. आदरातिथ्य म्हणावं तर असं. खोली साधी, गरम पाणी बादलीनं, पण जेवण झाल्यावर बुखारीजवळ, खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ, आम्हाला बसवून घेतलं आणि उठू दिलं नाही. ते जोंगाचे माणूस. निस्सानच्या 'पेट्रोल' (Patrol) नावाच्या जुन्या जीपच्या नमुन्यावर जबलपूरला बांधलेली, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चढ म्हणून तिला ठाऊक नाही. मामा म्हणाले, पेट्रोल पाण्यासारखी प्यायची आणि अडकली तर ढकलायला दहा माणसं लागायची. जिप्सी चार जणांनी उचलून रस्त्यावर ठेवता येते. मालक म्हणाले, जिप्सीत सहा फुटी जखमी झोपत नाही. मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "यह बात सही है." मग टायरांच्या साखळ्या कोणत्या गाडीला लवकर चढतात यावर दोघांची जुंपली. मी झोपायला गेलो तेव्हा ते फरशीवर काड्यापेट्या मांडून एकमेकांना वळण दाखवत होते.