सीमाभागातला मराठी प्रबंध: सादर करण्याआधीचं वर्ष

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला विद्यार्थी मराठीत पीएचडीचा प्रबंध लिहितो तेव्हा विषय त्याच्या हाडीमाशी मुरलेला असतो. गावोगाव फिरून झालेलं असतं, मुलाखतींच्या वह्या भरलेल्या असतात. काम अडतं ते शेवटच्या वर्षात, आणि अडतं ते बहुधा नावांवर, सनांवर आणि फाईलमधल्या अक्षरांवर. म्हणून सादरीकरणाची तयारी शेवटचं प्रकरण लिहून झाल्यावर करायची नसते, वर्षभर आधी सुरू करायची असते.

आधी नावं. १९६२ सालच्या घटनेबद्दल लिहिताना 'कर्नाटक सरकारने' असं हातून सहज लिहिलं जातं. तेव्हा ते म्हैसूर राज्य होतं. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ पासूनचं. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला, त्याआधी तो मुंबई राज्यात होता. १ मे १९६० च्या आधी महाराष्ट्र राज्यच नव्हतं, त्यामुळे १९५७ च्या संदर्भात 'महाराष्ट्र शासन' लिहिलं की चूक झालीच. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर आणि मुखपृष्ठावर विद्यापीठ लिहितं तेच नाव ठेवा, मजकुरात बेळगाव वापरणार असाल तर पहिल्या प्रकरणात एका वाक्यात तसं सांगा. जुन्या अवतरणातलं नाव मात्र बदलायचं नाही. 'बेलगाम' छापलंय ना, तर बेलगामच.

आकडेवारीत याहून मोठा खड्डा आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला गेला. त्यामुळे १९५१ चा जिल्हा आणि १९६१ चा जिल्हा हे एकच क्षेत्र नव्हे. दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडून 'मराठी भाषकांचं प्रमाण इतकं बदललं' म्हणण्याआधी चंदगड धरलाय की वगळलाय ते तपासा आणि तक्त्याखाली टीप द्या. तसंच निपाणीचं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याचे दहाच तालुके आहेत आणि निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात मोडते, वेगळा तालुका नंतरचा. 'निपाणी तालुका, २०११' असा तक्ता करायचा असेल तर गावांची यादी घेऊन आकडे स्वतः जुळवावे लागतात, आणि ती यादी परिशिष्टात द्यावी लागते.

बाहेरचे परीक्षक बहुधा महाराष्ट्रातले किंवा गोव्यातले असतात. आपल्याकडची पहाणी म्हणजे त्यांचा सातबारा, आपली जिल्हा पंचायत म्हणजे त्यांची जिल्हा परिषद, एसएसएलसी म्हणजे त्यांची दहावी आणि पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, हे त्यांना माहीत असेलच असं धरून चालू नका. शब्द पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या. आपला शब्द काढून त्यांचा घालू नका. कर्नाटकातल्या शेतकऱ्याच्या तोंडी सातबारा घातलात तर मुलाखतच खोटी वाटते.

मुलाखतींवरून आठवलं. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला सहा-सात तास धरा, त्यात मराठी-कन्नड मिसळलेलं बोलणं असेल तर जास्तच. टंकलेखकाकडे दिलं तर तो 'काय करूलालास' याचं 'काय करतो आहेस' करून ठेवतो, आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस उरलेलं पुसतो. बोलीचा अभ्यास असेल तर हाच तुमचा पुरावा! मुलाखतींच्या फाईलवर स्वयंदुरुस्ती बंद ठेवा आणि उतरवलेलं पान मूळ आवाजाशी एकदा तरी ताडून पाहा. नाव छापण्याची संमती मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्ही घ्या. बोलणाऱ्याला वाचता येते त्या भाषेतल्या कागदावर त्याची सही असावी.

कन्नड शब्द देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांचं काय करायचं ते आधीच ठरवा. 'कॆरॆ' म्हणजे तळं आणि 'केरि' म्हणजे गल्ली, वस्ती. दोन्हीकडे नेहमीची मात्रा दिली तर गावनावांच्या अभ्यासात तळं आणि गल्ली शेजारी येऊन बसतात. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत. सगळे फाँट त्या नीट दाखवत नाहीत, म्हणून एक पान छापून पाहा आणि मगच सगळीकडे वापरा.

आता फाँट. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फाँटात टाईप केलेली प्रकरणं युनिकोडमध्ये आणावीच लागतात. नुडी किंवा बरहा या कन्नड टंकलेखनाच्या प्रणालींतल्या जुन्या फाईलींचंही तेच. रूपांतरात हमखास मोडतो तो अर्धा र. 'दऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या, दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. रूपांतरात तो न दिसणारा जोडक गळून पडला की खानापूरच्या जंगलातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो, शेतकऱ्यांचं 'शेतकर्यां' होतं. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे: 'र्य' शोधायचं आणि एकेक शब्द बघत जायचं. सगळे एकदम बदलू नका, कारण कार्य, सूर्य, आचार्य बरोबरच आहेत. तीनशे पानांना दोन दिवस सहज जातात.

फाँट न बदलता फाईल साम्यतपासणीला, म्हणजे मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतो हे बघणाऱ्या संगणकीय तपासणीला दिली तर त्या प्रणालीला ती निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि साम्य शून्याजवळ येतं. असा अहवाल निरुपयोगी. कुणाच्या लक्षात आलं की प्रबंध परत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळायची असतात. पण प्रणालीला अवतरण ओळखू यायला चिन्हं नीट हवीत. मराठीत आपण एकेरी चिन्हं सर्रास वापरतो, ती तिला बऱ्याचदा कळत नाहीत. उद्धृतांना दुहेरी चिन्हं, तीही सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे.

वेळेचं गणित असं: यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यापुढे पुनर्नोंदणीने दोन वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. शोधनिबंध छापल्याची राष्ट्रीय पातळीवरची सक्ती या नियमांनी काढली, पण आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. सादरीकरणपूर्व मांडणी संशोधन सल्लागार समितीपुढे होते. तिथल्या सूचना त्याच दिवशी लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे 'काय केलं, कुठल्या पानावर' असा रकाना ठेवा.

मूळ कागदपत्रं कुठे शोधलीत, हा प्रश्न मौखिकीत, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत येतोच. १९५६ पूर्वीचं सरकारी दप्तर मुंबईकडे, पुढचं बंगळूरकडे, संस्थानी कागद कोल्हापूरला, हे माहीत असून एकाच ठिकाणी गेला असाल तर त्याचं कारण तयार ठेवा. मागचे प्रबंध पाहतानाही तसंच: बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं आहे, त्याआधी इथली महाविद्यालयं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून जुनं काम धारवाडला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बघावं लागतं. मौखिकी खुली असते. सभागृहात कन्नड प्राध्यापक असतातच, त्यांचा प्रश्न कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतो. निष्कर्षांची पाच-सहा वाक्यं तिन्ही भाषांत तोंडात बसलेली असावीत. परीक्षकांच्या अहवालातल्या प्रत्येक हरकतीचं उत्तर पानाच्या क्रमांकासह लिहून नेलं की अर्धी भीती तिथेच जाते.

छपाईला वर्ड फाईल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसतो, ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. फाँट आत बसवलेली पीडीएफच द्या, आणि बांधणीच्या बाजूला दीड इंच समास सोडा.

शोधगंगेसाठी, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी, प्रकरणवार पीडीएफ लागतात. त्यासोबतच्या बीजशब्दांत रोमन लिपीतली जुनी आणि नवी, दोन्ही स्पेलिंगं घाला, बेलगामचंही आणि बेळगावीचंही, आणि देवनागरीत बेळगाव. पुढे खानापूरवर काम करणारी मुलगी यातलं कुठलंही एक टाईप करील, तिला तुमचा प्रबंध सापडला पाहिजे.