पानगळीच्या मागोमाग

युरोपात पानगळ उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते आणि डोंगरमाथ्यावरून दरीत उतरते. एवढी एकच गोष्ट धरून आम्ही या लांबलचक प्रवासाची आखणी करायला बसलो. उन्हाळ्यात कुठूनही सुरुवात करा, काही बिघडत नाही. ऊन सगळीकडे सारखं आणि रांगाही. शरदात मात्र दिशा महत्त्वाची. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिसिली गाठली तर घामाने निथळायची तयारी हवी, आणि लॅपलंड नोव्हेंबरअखेरीला ठेवलं तर दुपारीच दिवे लावायची. म्हणून वरून खाली यायचं ठरलं: फिनलंडच्या उत्तरेपासून सुरुवात, मग बाल्टिक देश, पोलंड, चेकिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि शेवटी इटलीचं ते अख्खं पाऊल.

लॅपलंडमध्ये हा रंगांचा हंगाम साधारण सप्टेंबरच्या मध्याला येतो. फिनिश लोक त्याला रुस्का म्हणतात. भूर्जाची झाडं पिवळी होतात ते आपण फोटोंत पाहिलेलं असतं. पण खरी आग जमिनीलगत लागते, गुडघ्याएवढ्या खुरट्या भूर्जांना आणि रानबेरीच्या झुडपांना. हे आठवडाभर टिकतं, फार तर दोन आठवडे. एखादी वादळी रात्र आली तर तेवढंही नाही. थोडक्यात, नक्की तारीख कोणी देत नाही.

इकडे व्हिसाला हवा असतो प्रत्येक रात्रीचा पत्ता.

या दोघांचं जमवता जमवता आमची आखणी पुढे सरकते आहे. एक्सेल हा नवऱ्याचा प्रांत. तारीख, शहर, मुक्काम, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: ‘फुकट रद्द होतं का?’ होत असेल तर चौकोन हिरवा, नसेल तर लाल. लाल चौकोन दिसला की त्याचा चेहरा पडतो, आणि ‘पानांचं तेव्हा बघू’ असं मी म्हटलं की आणखी पडतो.

शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, नियम तसे सरळ आहेत. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. गंमत आहे ती अर्ज कुणाकडे करायचा यात. विमान पहिल्यांदा कुठे टेकतं त्याला महत्त्व नाही; मुक्काम जास्त जिथे, त्या देशाकडे अर्ज. सगळीकडे सारख्याच रात्री असल्या तरच पहिल्या देशाचा विचार. आमचं पाऊल पहिलं पडणार हेलसिंकीत, पण अर्ज जाणार इटलीकडे. त्यात पोलंडवर माझा जीव जडल्यामुळे क्राकूवच्या रात्री वाढत चालल्या होत्या. ‘अगं, मग इटलीत चार रात्री वाढव, नाहीतर सगळे कागद बदलावे लागतील,’ असं नवरा म्हणाला. कागदपत्रांच्या भीतीने इटलीत जास्त राहावं लागणं ही शिक्षा मी निमूटपणे सोसायचं ठरवलं आहे.

कुरकुर करताना एक मात्र आठवतं. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, म्हणून आज एका व्हिसावर इतक्या सीमा ओलांडता येतात.

अंतरं आणि पैसे यांचा हिशोब सगळेच करतात. शरदात उजेडाचाही करावा लागतो. सप्टेंबरअखेरीस हेलसिंकीत दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी आखडतो, रोममध्ये तीन मिनिटांच्याही आत. म्हणजे दक्षिणेकडे निघालेला प्रवासी उजेडाची गळती थोडी कमी करून घेतो. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. रोममध्ये शनिवारी सव्वासहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी सव्वापाचला गायब. त्या रात्री धावणाऱ्या काही रात्रगाड्या वेळापत्रक सांभाळायला एखाद्या स्टेशनात तासभर नुसत्या उभ्या राहतात. मला त्या गाडीत बसायचं आहे. नवऱ्याच्या मते हे पर्यटन नव्हे.

रेल्वेच्या बाबतीत बाल्टिक देशांची एक अडचण आहे. तिथले रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटरचे, पोलंडचे १४३५. त्यामुळे लिथुएनियातल्या व्हिल्नियसहून पोलंडला जाताना मोत्स्कावा नावाच्या सीमेजवळच्या छोट्या स्टेशनात गाडी बदलावी लागते. बॅगा कमी ठेवायच्या या ठरावाला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

माझा सगळा जीव अडकलाय तो स्वित्झर्लंडमधल्या एका दिवसात. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोला जाणारी बर्निना रेल्वे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तिथले लार्च सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं हे झाड. गाडी आधी या सोन्यातून जाते, मग झाडं विरळ होत संपतातच आणि २२५३ मीटरवर ओस्पित्सिओ बर्निना हे स्टेशन येतं. तिथे गोठायच्या बेतात असलेलं तळं, उघडे खडक, कदाचित बर्फही. मग उतार. पुन्हा लार्च, मग हिरवी कुरणं, ब्रुसिओजवळ चेस्टनटची झाडं आणि ४२९ मीटरवर तिरानो. सव्वादोन-अडीच तासांत ऋतू मागे फिरवल्यासारखा. मोठमोठ्या काचांची बर्निना एक्सप्रेस प्रसिद्ध आहे, तिला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, आरक्षणाची सक्ती नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. खिडकी उघडणारी गाडी असताना काचेमागे बसायचं कशाला? शिवाय हवा बिघडली तर आपण दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो. एक्सेलमध्ये इथे मी दोन दिवस कोरे ठेवलेत. त्यांना रंग नाही म्हणून नवरा अस्वस्थ आहे.

इटलीबद्दल मात्र आमचं भांडण नाही, अपवाद शेवटच्या टप्प्याचा. मला २ नोव्हेंबरला पालेर्मोत असायचंय. त्या दिवशी तिथल्या मुलांना घरातली गेलेली माणसं भेटवस्तू आणून देतात असं मानतात, आणि दुकानांत बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं मांडलेली असतात. समुद्राचं पाणीही उन्हाळाभर तापलेलं असल्याने तेव्हा मे महिन्यापेक्षा उबदारच असतं. प्रश्न आहे जायचं कसं. विमानाने तासाभरात. पण रोमहून सिसिलीला जी आगगाडी जाते, ती मेसिनाच्या सामुद्रधुनीवर चक्क जहाजात चढते: डबे सुटे करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात, पलीकडे उतरवून पुन्हा जोडतात. दिवसभर मोडतो त्यात. नवऱ्याने विमानाचा चौकोन हिरवा केलाय. मी त्याच्या खाली एक ओळ वाढवून आगगाडीही लिहून ठेवली आहे, तीही हिरवीच.