तुम्ही विचारलंत म्हणून: सॅमची चूल

‘सॅमने तिथे चूल पेटवायला नको होती, एवढं कबूल करायला तुझं काय जातं?’ हे मला वाचनकट्ट्यावर विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीतही विचारून झालंय. विचारणाऱ्यांनी टोल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेलं असतं, म्हणून अंगठीपासून सुरुवात करत नाही. वाचलं नसेल तर एवढंच: घातक अंगठी नष्ट करायला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम शत्रूच्या मुलखातल्या, म्हणजे मॉर्डोरमधल्या डोंगराकडे निघालेत, आणि वाटेत इथिलियन नावाच्या प्रदेशात सॅम चूल पेटवून सशाचा रस्सा करतो.

आधी किरकोळ शंका. हो, मी शाकाहारी आहे. सशाच्या रश्श्याची बाजू घ्यायला ससा खावा लागत नाही. आणि त्या रश्श्यात बटाटे नाहीत! 2002च्या सिनेमापासून जो तो बटाट्यांवर घसरतो, पण सॅमला ते मिळतच नाहीत, हीच तर रड आहे. कांदा नाही, गाजर नाही. त्यांचा वाटाड्या गॉलम याने धरून आणलेले दोन कोवळे ससे, एकात एक बसणारी दोन पसरट भांडी, सॅकच्या तळाशी लाकडी डबीत जपून ठेवलेलं, संपत आलेलं मीठ आणि इथिलियनमधला थोडा सुगंधी पाला, बस.

आता धूर. दोघं भांड्यांतूनच खातात, चमचा-काटाही आळीपाळीने, सोबत अर्धी-अर्धी लेम्बास, म्हणजे एल्फ लोकांची प्रवासाची भाकरी. मग सॅम भांडी घासायला जातो, विझवायची राहिलेली चूल धुमसते आणि शत्रूविरुद्ध लढणाऱ्या फॅरामिर या सरदाराची माणसं येऊन उभी राहतात. शत्रूच्या मुलखाच्या तोंडाशी धूर काढणं हा गाढवपणाच. इथे चूल पेटवणं धोक्याचं होतं, हे तर उठल्या उठल्या फ्रोडोही बोलून दाखवतो. यावर मी पूर्वी हुकमाचा एक्का टाकायचे: धूर झाला म्हणून तर फॅरामिर भेटला, त्याने पुढच्या वाटेसाठी शिधा दिला, काठ्या दिल्या. आता टाकत नाही. ती वकिली झाली. कोण येणार हे सॅमला थोडंच माहीत होतं? दुसरं कुणी आलं असतं तर पुस्तक तिथेच मिटलं असतं.

कॉलेजात असताना मी तुमच्याच बाजूला होते. हे प्रकरण मी भराभर उलटायचे. एकदा वार्षिकात लेम्बासला ‘एल्फ लोकांचा प्रोटीन बार’ म्हणून टाळ्याही मिळवल्या. नंतर वाचलं, की 1958मध्ये सिनेमाच्या एका प्रस्तावित आराखड्यात लेम्बासचं असंच सत्त्वयुक्त खाणं करून टाकलेलं पाहून टोल्किन वैतागले होते. त्यांच्या लेखी तिला जवळजवळ धार्मिक अर्थ होता. पण कॉलेजातल्या त्या मुलीचं, म्हणजे माझं, मूळ म्हणणं वेगळं होतं: प्रवासाला निघालात ना, मग पोचा. पानात बांधलेली लेम्बास दशमीसारखी टिकते, एकीवर दिवसभर चालता येतं, तर चुलीचा खटाटोप कशाला? तिला मी अजून हरवू शकलेले नाही.

मला बदललं ते पुढच्या एका पानाने. मॉर्डोरमध्ये डोंगराकडे जाताना ओझं झेपेना म्हणून दोघं सामान टाकतात. ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या सैनिकांच्या, वस्तू टाकायला काहीच वाटत नाही. भांड्यांपाशी आल्यावर सॅमच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तो फ्रोडोला विचारतो, तो ससा आठवतो का तुम्हाला? फॅरामिरच्या मुलखातली ती उबदार जागा? फ्रोडो म्हणतो, नाही. असं काही घडलं होतं हे माहीत आहे, पण दिसत नाही. अन्नाची चव नाही, पाण्याचा स्पर्श नाही, वाऱ्याचा आवाज नाही. डोळ्यांसमोर फक्त ते आगीचं चक्र, म्हणजे ती अंगठी. हे ऐकल्यावर सॅम सगळं उचलून नेतो आणि एका भेगेत ढकलतो. भांडी खडखडत खाली जातात. हा क्रम मला छळतो. फ्रोडोने ‘हो, आठवतो’ म्हटलं असतं तरी भांडी जाणारच होती. पण मग सॅमने ती वेगळ्या हाताने टाकली असती, असं मला उगाच वाटतं.

2021मध्ये कोविडने माझा वास गेला. आमसुलाचं सार ताटात होतं. ते आंबट असतं हे माहीत होतं, पण त्याचा वास मनातल्या मनातही उभा राहीना. वास परत आला, त्यामुळे फ्रोडोच्या पंक्तीला बसायचा मला काही हक्क नाही. तरी तेव्हापासून इथिलियनचं ते प्रकरण मी उलटून पुढे जात नाही. तिथे फ्रोडोला अजून चव कळते. ते थोडंसं खाणं त्यांना मेजवानी वाटतं. पोट तर लेम्बासनेही भरलं असतं. त्यासाठी कुणी जीव धोक्यात घालत नाही. मुळात सॅम त्याला झोपलेला बघतो, तो किती वाळलाय हे बघतो आणि मग चूल पेटवतो.

पण हे लिहिताना तुमचा सगळ्यात जड मुद्दा मला दिसतोय, आणि तो अजून कुणी मांडलेला नाही, म्हणून मीच मांडते. लेम्बास इतर अन्नाशिवाय नुसती खाल्ली की तिची शक्ती वाढत जाते, ती मनाच्या जिद्दीला बळ देते, असं टोल्किननेच लिहून ठेवलंय. म्हणजे रश्श्यासोबतची ती अर्धी लेम्बास त्या हिशोबाने कमीच पडली असणार. शेवटच्या चढाला त्यांना उभं ठेवलं ते लेम्बासने, सशाने नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या चढावर फ्रोडोला पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाला तो ससा आठवत होता, हेही त्याच पुस्तकात आहे. तेव्हा चूल चुकली असं मी लिहून देणार नाही. पुढच्या पंगतीत पुन्हा विचारा.