निकाल ऐकणाऱ्याच्याच तोंडून

हिब्रू संदेष्टे, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातले देवाचा संदेश सांगणारे लोक, म्हटले की भविष्य सांगणारी, नाहीतर कोप भाकणारी माणसे डोळ्यांसमोर येतात; पण त्यांची वचने सावकाश वाचताना मला त्यांच्यातला वक्ता अधिक भावतो. हाती ना सैन्य, ना राजसत्ता आणि श्रोता बहुधा नाराज. अशा श्रोत्यावर थेट आरोप केला असता तर त्याने कानच बंद करून घेतले असते. म्हणून ते त्याला आधी न्यायाधीशाच्या आसनावर बसवत.

आपल्याच सैन्यातल्या उरियाला मारवून त्याची पत्नी बथशेबा हिला आपलीशी केलेल्या इस्राएलच्या दावीद राजापुढे नाथान हा संदेष्टा एक तक्रार मांडतो: भरपूर गुरेमेंढरे असलेल्या श्रीमंताने पाहुण्यासाठी शेजारच्या गरिबाची एकुलती एक कोकरी कापली. ती कोकरी त्या गरिबाच्या घासातला घास खाई, त्याच्याच प्याल्यातून पाणी पिई, त्याच्या कुशीत झोपे. हे बारकावे दावीदाला हेलावून टाकतात. तो संतापून म्हणतो की असे करणारा मरणास पात्र आहे. नाथानचे उत्तर हिब्रूत अवघ्या दोन शब्दांचे आहे: तो मनुष्य तूच.

इ.स.पू. 8व्या शतकात आमोस या संदेष्ट्याने हीच युक्ती साऱ्या राज्यावर वापरली. तेव्हा दावीदाच्या राज्याची दक्षिणेचे यहूदा आणि उत्तरेचे इस्राएल अशी दोन राज्ये झाली होती. यहूदातील तकोवा गावचा हा मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएलात बोलला, तेही तिथल्या दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या काळात. ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चार अपराधांमुळे’ हे पालुपद घेऊन तो आसपासच्या शहरांवर आणि राज्यांवर, म्हणजे दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब आणि यहूदा यांच्यावर एकामागून एक दोषारोप ठेवतो. शत्रूचे नाव येताच ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील, असे मला नेहमी वाटते. आठव्या वेळी तेच पालुपद इस्राएलावर येते आणि तिथला अपराध दूरच्या युद्धातला नसून घरचा, बाजारातला निघतो: पायताणाच्या एका जोडासाठी गरिबाला विकणे.

यशया या संदेष्ट्याने तर द्राक्षमळ्याचे गीत गाऊन यरुशलेमकरांनाच निवाडा करायला सांगितला आणि शेवटी शब्दांची जोडी फिरवली. देवाला ‘मिश्पाट’ म्हणजे न्याय हवा होता, मिळाला ‘मिस्पाख’ म्हणजे रक्तपात. एवढासा ध्वनिबदल कोणत्याही भाषांतरात हातून निसटतो, याची मला फार हळहळ वाटते.

दावीदाने अपराध कबूल केला. इस्राएलातल्या बेथेलचा याजक (पुजारी) अमस्या याने मात्र आमोसला यहूदात परत जाऊन तिथेच पोट भरायला सांगितले. त्यावर आमोस उत्तरला की मी संदेष्टा नव्हे, संदेष्ट्याचा पुत्रही नव्हे. मी गुरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा माणूस आहे, मला परमेश्वराने कळपामागून उचलून पाठवले आहे.